डॉ. पांडुरंग खानखोजे

शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, असे राजकारणात मानतात. ही समजूत कितपत खरी आहे, याचा अनुभव वर्ध्यास जन्मलेल्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी परदेशांत घेतला.

पनवेलजवळच्या शिरढोण गावचे वासुदेव बळवंत फडके १८७९ साली कोणत्याही परराष्ट्राच्या मदतीवाचून इंग्रजांशी लढले आणि १८८३ मध्ये एडन येथे बंदिवासात मरण पावले. पुढच्या पिढीतील अनेक क्रांतिकारकांना बाहेरून शस्त्रे मिळविणे आवश्यक वाटू लागले. खानखोजे त्यांपैकीच एक. ते अमेरिकेस जाऊन शेतकी शिकले आणि १९१३ साली स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या कार्यात पडले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मनीच्या पश्चिमेस फ्रान्स, पूर्वेस रशिया. दोन्ही शेजारी तिचे शत्रू आणि इंग्लंड त्यांच्या पाठीशी. इंग्लंडचे पुष्कळसे बळ हिंदुस्थानातील सैन्यात होते. तेथेच बंड झाले, तर शत्रू दुबळा होईल, हे ओळखून जर्मन परराष्ट्र खात्याने बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या समितीला द्रव्यसाहाय्य दिले. हिंदुस्थानावरील प्रेमाने नव्हे, हे उघडच आहे! जर्मनीचा मित्र तुर्कस्तान; तेथून इराणमार्गे हिंदुस्थानच्या सीमेकडे जाण्याचा बेत ठरला. खानखोजे इराणात पोहोचले. तो देश तटस्थ होता, तरी तेथे इंग्रज व रशियन फौजा वावरत होत्या. खानखोजे जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले, निसटले आणि डोंगरी टोळ्यांच्या आश्रयाने राहिले. अमेरिकेतून जहाजाने निघालेली जर्मन शस्त्रे तर हिंदुस्थानात पोहोचलीच नाहीत.

१९१८ साली जर्मनी हरली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने तिला आल्सेस-लोरेन प्रांत फ्रान्सला आणि पूर्वेकडील मोठा मुलूख पोलंडला द्यावा लागला. जिला स्वतःच्या सीमा राखता आल्या नाहीत, ती इतरांना काय साहाय्य देणार? खानखोजे बर्लिनला आले, १९२१ मध्ये मॉस्कोला गेले. मायदेशी परतणे इंग्रजांमुळे अशक्य होते. अखेर १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले.

या मेक्सिकोलाही जर्मनीने १९१७ मध्ये गुप्त तार पाठवून शेजारच्या अमेरिकेविरुद्ध चिथावले होते. डाव तोच, मेक्सिको मात्र त्यास भुलला नाही.

तेथील चापिंगोच्या शेतकी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित जाती तयार करणे आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा उघडणे, हे त्यांचे कार्य झाले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर, भाकरी वाटून देणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांना रंगविले आहे. बंदुकांच्या शोधात निघालेला हा वैदर्भीय परक्या देशात भाकरीसह चित्रित झाला.

स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशी परतले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी नागपूर येथे निवर्तले.