दोन पौंडांचे वजन

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना वजने-मापे नवी नाहीत. पण दुकानातील एका वजनाने एका मुलीचे सारे आयुष्य बदलून टाकल्याची हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही. ती येथे थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १८२२ च्या सुमारास एका गुलाम कुटुंबात ॲरमिंटा रॉस जन्मली. घरची माणसे तिला मिंटी म्हणत. पुढे तिने आईचे हॅरिएट हे नाव घेतले आणि लग्नानंतर ती हॅरिएट टबमन झाली. त्या काळी गुलाम म्हणजे मालकाची मालमत्ता. गुरेढोरे, नांगर आणि माणसे एकाच यादीत लिहिली जात व प्रत्येकापुढे किंमत मांडली जाई.

मिंटी तेरा-चौदा वर्षांची असावी. बकटाउन गावच्या दुकानात ती काही जिन्नस आणावयास गेली होती. कामावरून न विचारता निघून आलेला एक गुलाम तेथे होता व त्याचा मुकादम त्याच्या पाठोपाठ आला. त्याला बांधावयास मदत कर, असे मुकादमाने मिंटीला फर्मावले. तिने नकार दिला. गुलाम पळाला. मुकादमाने दुकानातील दोन पौंडांचे, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमचे, शिशाचे वजन उचलून त्याच्यावर भिरकावले. ते लागले मिंटीच्या डोक्याला.

कवटी फुटली. डॉक्टर कोण बोलावणार? दोन दिवस ती तशीच पडून होती आणि मग तिला पुन्हा शेतात धाडण्यात आले. मालकाने तिला विकावयास काढले, पण अशा दुखणाईत मुलीला गिऱ्हाईक मिळेना.

तेव्हापासून तिला अचानक ग्लानी येऊ लागली. बोलता बोलता ती वाक्याच्या मध्येच थांबे, मान खाली जाई. काही वेळाने जागी होऊन तेच वाक्य ती पुढे चालवी. डोके असह्य दुखे, चमत्कारिक दृश्ये दिसत. ती त्यांना देवाचा संकेत मानी. त्या काळी निदान झाले नाही. पण डोक्याच्या इजेमुळे जडलेला हा अपस्मार असावा, असे आजच्या अनेक अभ्यासकांना वाटते.

हे कसे घडते? मेंदूचे काम सूक्ष्म विद्युत्संदेशांवर चालते. जबर मार बसला की त्या जागी वण राहू शकतो. त्याच्या आसपासच्या पेशींतून हे संदेश कधी कधी एकदम आणि बेताल सुटतात. यालाच आपण झटका किंवा फिट म्हणतो. जखम वरून भरल्यावर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, हे झटके सुरू होतात. हातपाय झाडणे हीच फिट नव्हे. काही क्षण भान हरपणे हीही फिटच.

१८४९ साली मालक वारला. आता आपली विक्री होणार हे ओळखून हॅरिएट पळाली. ध्रुवताऱ्याच्या रोखाने रात्री चालत ती फिलाडेल्फियास पोहोचली व स्वतंत्र झाली. पण ती तेथेच थांबली नाही. पुढील दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा वेळा ती मेरीलँडला परत गेली व आईवडील, भाऊ आणि इतर मिळून सुमारे सत्तर जणांना सोडवून घेऊन आली. १८५० च्या कायद्याने उत्तरेतही पळालेल्या गुलामांना धरता येऊ लागले, तेव्हा तिने त्यांना थेट कॅनडात नेले. निघावयाचे ते शनिवारी रात्री, कारण पळाल्याची जाहिरात सोमवारपूर्वी छापून येत नसे! तिच्यासोबतचा एकही माणूस पकडला गेला नाही.

यादवी युद्धात ती परिचारिका व हेर झाली. जून १८६३ मध्ये काँबाही नदीवरील मोहिमेत सैन्याला वाट दाखवून तिने सातशेहून अधिक गुलाम मुक्त केले. पण युद्धातील सेवेच्या पेन्शनसाठी तिला १८९९ पर्यंत झगडावे लागले.

झटके मात्र सुटले नाहीत. उतारवयात बोस्टनच्या रुग्णालयात तिने मेंदूवर शस्त्रक्रिया करवून घेतली, तीही भूल न घेता. त्याने काहीसा आराम पडला. १० मार्च १९१३ रोजी ऑबर्न येथे तिचे निधन झाले.

आपल्याकडे फिट आली की लोक कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात आणि पुढे घरातील माणसे ती गोष्ट झाकून ठेवतात. खरे तर रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, शुद्ध येईपर्यंत जवळ बसावे. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ दवाखाना गाठावा. आज औषधे आहेत आणि पुष्कळांचे झटके त्यांनी आटोक्यात राहतात.

हॅरिएटजवळ औषध नव्हते. माग काढणारे पाठीवर असताना वाटेतच तिला ग्लानी येई. सोबतचे लोक झाडीत दबून बसत. तिला टाकून कोणी पुढे जात नसे. ती उठे, वाट धरी आणि सारे तिच्या मागून निघत. धैर्य तिचे खरेच. पण तिच्यासाठी थांबणाऱ्या त्या माणसांचे शहाणपणही आपण घेण्यासारखे आहे.