क्लच ब्लीड करताय? मग ब्लेझ पास्कलची गोष्ट वाचाच

घरीच क्लच ब्लीड केला, म्हणजे ऑइलमधली हवा काढली, तरी पेडल पायाखाली भुसभुशीत लागतं आणि रिव्हर्स टाकताना गिअर कर्रर्र करतो? असं का होतं, ते ज्याच्या लिखाणावरून कळतं त्याने जन्मात मोटार पाहिली नव्हती. त्याचं नाव मात्र तुमच्या मोबाइलमध्येही असेल. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये दाब बघा, बऱ्याचदा हेक्टोपास्कलमध्ये दिलेला असतो.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, फ्रान्समधल्या क्लेरमाँचा. तो तीन वर्षांचा असताना आई गेली. पोराने आधी भाषा शिकाव्यात म्हणून वडिलांनी गणित त्याच्यापासून लांब ठेवलं, तर पठ्ठ्याने बाराव्या वर्षी स्वतःच भूमिती मांडायला सुरुवात केली. पुढे वडिलांना रुआँ शहरात करवसुलीचं काम मिळालं. त्यांची आकडेमोड हलकी व्हावी म्हणून १६४२ च्या सुमारास त्याने दातेरी चाकांचं बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं.

मग तो दाबाच्या मागे लागला. इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा प्रयोग केला होता. हवेच्या वजनामुळे पारा वर टिकतो, तर उंचावर तो उतरायला हवा, असा पास्कलचा हिशोब. १९ सप्टेंबर १६४८ ला त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान फ्लोरँ पेरिए नळी घेऊन प्यूय द दोम डोंगरावर चढले. पारा जवळपास साडेआठ सेंटिमीटर उतरला!

आपल्या कामाचं आहे ते यानंतरचं. द्रवांवरच्या प्रबंधात त्याने पाण्याने भरलेलं बंद भांडं कल्पिलं. त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभर पट मोठं, दोन्हींत दट्ट्या. छोट्या दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरतो, कारण दाब द्रवात सगळीकडे सारखा पोहोचतो. पण फुकट काही नाही. छोटा दट्ट्या शंभर इंच खाली गेला की मोठा फक्त एक इंच सरकतो.

क्लचमध्ये छोटा दट्ट्या म्हणजे पेडलजवळचा मास्टर सिलिंडर आणि मोठा म्हणजे गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह. समजा, मास्टरने ६ घन सेंटिमीटर ऑइल ढकललं आणि स्लेव्हचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आहे. स्लेव्ह २ सेंटिमीटर सरकेल. आता मध्ये बुडबुडा आहे आणि तो दबून २ घन सेंटिमीटरने लहान झाला, तर स्लेव्ह जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या वर जातो. क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर ओरडतो. पाय जोरात मारून काही होणार नाही, कारण कमी पडतंय ते अंतर.

म्हणून बुडबुडा कुठून येतो ते शोधा. निपल घट्ट करण्याआधी पेडल सोडलं, तर हवा परत आत. निपल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या टोकाला नसेल, तर हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. बाटलीत बुडबुडे येत नाहीत, कुठे गळती नाही, तरी पेडल दाबून धरलं असता क्लच हळूहळू पकड घेतो? मग बहुधा मास्टरचं आतलं सील गेलंय, ऑइल आतल्या आत मागे सरकतंय. कितीही ब्लीड करा, उपयोग नाही. आणि हे विसरू नका: बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते. ब्लीड करताना ती रिकामी झाली, तर हवा ब्रेकमध्येही शिरू शकते. असं झालं तर ब्रेक ब्लीड होईपर्यंत गाडी हलवू नका.

१६५४ च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री पास्कलला धार्मिक अनुभव आला. त्याबद्दल लिहिलेला कागद तो कोटाच्या अस्तरात शिवून वागवायचा. त्यानंतर विज्ञान बरंचसं मागे पडलं. तब्येत तर कायमचीच नाजूक. तरी मार्च १६६२ मध्ये त्याच्या कल्पनेतून पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर, ठरलेल्या भाड्यात घोडागाड्या सुरू झाल्या. आजच्या सिटी बससारखंच की! १९ ऑगस्टला तो गेला, वय फक्त ३९. द्रवांवरचा तो प्रबंध छापून आला पुढच्या वर्षी, १६६३ मध्ये.