पंडिता रमाबाई आणि रोजचे बायबलवाचन



घर आशीर्वादित करण्यासाठी आम्ही उंद्रीत आणि आसपासच्या खेड्यांत येतो, तेव्हा बहुतेक घरांत बायबल दिसते. कोणाकडे ते स्वच्छ कापडात गुंडाळून येशूच्या तसबिरीजवळ ठेवलेले असते, कोणाकडे लग्नात मिळालेले बायबल कपाटात जपलेले असते. हा आदर पाहून समाधान वाटते. पण हातात घेऊन उघडले, तर कित्येकदा पाने अगदी नवी कोरी असतात. आम्ही कोणाला दोष देत नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना आम्ही देवाविषयी जाडजाड ग्रंथ वाचले. पण त्या काळात देवाचा स्वतःचा ग्रंथ मात्र बरेच दिवस परीक्षेपुरताच उघडला. म्हणून आज जे लिहीत आहोत ते तुमच्याइतकेच आमच्यासाठीही आहे.

आज आपण अशा एका मराठी स्त्रीचे जीवन पाहू, जिने पवित्र शास्त्र रोज वाचले, आणि ते खेड्यातील साध्या बाईलाही वाचता यावे म्हणून आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये अशी त्या काळची रूढी होती. ती मोडून त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुढे आईने आपल्या मुलीला शिकवले. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले होते.

हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत असे. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण वाचायचे, लोकांनी ऐकायचे आणि जमेल ती दक्षिणा ठेवायची, यावर त्यांचा निर्वाह चाले. वाचन संस्कृतातून होई. ऐकणाऱ्या अनेकांना त्याचा अर्थ कळत नसे. पण कानांवर पडले तरी पुण्य लाभते, या श्रद्धेने ते ऐकत. रमाबाईंनी ही गोष्ट पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे.

ही वाट दुसऱ्यांचीच होती असे आपण समजू नये. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेपर्यंत आपली मिस्साही लॅटिनमधूनच होत असे आणि आपले वाडवडील ती भक्तिभावाने ऐकत असत. आज मिस्सा मराठीत आहे, वाचनेही मराठीत आहेत. तरीही मिस्सा संपवून बाहेर पडताना आजचे शुभवर्तमान कोणते होते असे विचारले, तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? केवळ ऐकले म्हणजे झाले, ही सवय आपल्यातही आहे.

१८७० च्या दशकातील दुष्काळाने डोंगरे कुटुंबाची वाताहत केली. उपासमारीने आधी वडील गेले, मग आई, मग बहीण. उरले ते रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास. दोघे भावंडे उपाशीतापाशी पायी भारतभर हिंडली आणि १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले.

याच कलकत्त्यात एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती पहिल्यांदा बायबल आले. ते संस्कृत भाषेत होते. संस्कृत तर रमाबाईंची रोजची भाषा! पण त्या बायबलची शब्दरचना त्यांना परकी वाटली, शिकवणही अनोळखी वाटली. ते वाचण्यात वेळ वाया जाईल असे ठरवून त्यांनी ते बाजूला ठेवले. हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. पवित्र शास्त्र हातात असणे वेगळे आणि ते मनाशी बोलू लागणे वेगळे. पंडितांच्या पदव्या मिळवणाऱ्या रमाबाईंनाही पहिल्या भेटीत ते उमगले नाही. मग आपल्याला एखादा अध्याय कठीण गेला, तर निराश का व्हावे?

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला आणि त्या आसामातील सिलचरला राहू लागल्या. तेथे घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटीशी पुस्तिका सापडली. लूककृत शुभवर्तमानाचे ते बंगाली भाषांतर होते. त्यांनी ते आवडीने वाचले. मोठ्या संस्कृत ग्रंथाने जे केले नाही, ते लोकभाषेतील एका लहान पुस्तकाने केले. मात्र त्यांचे घरटे लवकरच मोडले. १८८१ साली मुलगी मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या धर्मभगिनी मायेने जवळ करतात, हे त्यांनी पाहिले. हे प्रेम येते कोठून, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला आणि विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू कसा बोलला ते समजावून सांगितले. आपल्या मायबहिणींना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी घागर घेऊन पाण्यासाठी जाणे काय असते, हे त्यांना ठाऊक आहे. लोक जिच्याकडे पाठ फिरवत, तिच्याजवळ येशूने प्यायला पाणी मागितले. तो अध्याय ऐकून रमाबाईंची खात्री पटली, की भारतातील पिचलेल्या स्त्रीला उभे करणारा तारणारा हाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह स्नानसंस्कार घेतला.

कथा येथे संपायला हवी होती असे वाटेल. परंतु खरा धडा येथूनच सुरू होतो. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, व्याख्याने दिली, पुस्तक लिहिले, मदत जमवली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. काम वाढले, नाव झाले, टीकाही झाली. आणि स्नानसंस्काराला आठ वर्षे झाल्यावर त्यांना मनोमन जाणवले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळालेला नाही. त्यांनी हे लपवले नाही, पुढे प्रांजळपणे लिहिले. मग पवित्र शास्त्र त्या नव्या ओढीने वाचू लागल्या. आता वाचन वादासाठी नव्हते, विद्वत्तेसाठी नव्हते. देव आज मला काय सांगतो, एवढेच त्यांना हवे होते.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांचा स्नानसंस्कार पाळण्यात असतानाच झाला. आठ वर्षे नव्हे, चाळीस, साठ वर्षे लोटली. हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारावा: धर्म आहे, रजिस्टरमध्ये नाव आहे, सण आहेत, ख्रिस्ताची ओळख आहे का? आणि ज्याचे बोलणे आपण कधी ऐकतच नाही, त्याची ओळख होणार तरी कशी?

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ज्या उपासमारीने आपले आईवडील नेले, तीच उपासमार आता इतरांच्या लेकींना नेते आहे हे रमाबाईंना पाहवेना. त्या स्वतः तेथे गेल्या आणि अनाथ मुली व विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आपल्या वऱ्हाडालाही होरपळले. त्या वेळी गुजरातेतूनही मुली आल्या. केडगावात दीड हजारांहून अधिक जीव राहू लागले. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, सगळी कामे स्त्रियाच करीत. प्रत्येक मुलीला लिहायला-वाचायला शिकवले जाई, आणि दिवसाच्या कामांत प्रार्थना व बायबलवाचन यांची वेळ ठरलेली असे. इतक्या माणसांच्या भाकरीची चिंता डोक्यावर असलेल्या बाईने वेळ मिळत नाही असे म्हटले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी तसे म्हटले नाही.

मुली वाचायला शिकल्या, पण नवीच अडचण पुढे आली. तेव्हाच्या मराठी बायबलमध्ये संस्कृत वळणाचे जड शब्द फार होते. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेल्या मुलीला ते कसे कळणार? रमाबाईंना कलकत्त्यातील ते संस्कृत बायबल आठवले असेल का, आम्ही सांगू शकत नाही. पण आपण अनुभवलेला अडथळा दुसऱ्याच्या वाटेत राहू नये, अशीच त्यांची धडपड होती. पन्नाशीकडे झुकलेल्या वयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून घेतल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी करणे, हे सारे मुक्ती सदनातील स्त्रियांनीच केले. कोणी एके काळी रस्त्यावर मरायला टाकलेल्या लेकींच्या हातून देवाचा शब्द छापला गेला!

या वर्षांत रमाबाईंना ऐकू येणे कमी होत गेले, प्रकृती ढासळली. १९२१ साली त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा निवर्तली. एकुलती एक लेक गेली, तरी आईने काम सोडले नाही. भाषांतराचे शेवटचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्या देवाघरी गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते हातात घेऊन पाहायला त्या नव्हत्या.

रमाबाई कॅथलिक नव्हत्या, आणि काही बाबतीत त्यांचे विचार आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीहून वेगळे होते, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. परंतु चांगले उदाहरण शेजारच्या घरातले असले तरी घ्यावे. त्यांनी भाषांतराला हात घातला त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने दैवी प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात सांगितले, की पवित्र शास्त्र सर्व श्रद्धावंतांना सहज मिळावे, मूळ भाषांवरून त्याची योग्य भाषांतरे व्हावीत आणि सर्वांनी ते प्रार्थनापूर्वक वारंवार वाचावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली सामान्यकाळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला, तोही याचसाठी.

आता आपण काय करावे? दिवसभर वावरात निंदण करून आलेल्या बाईला आम्ही तासभर वाचा असे सांगणार नाही. रोज एक अध्याय पुरे. लूककृत शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. रमाबाईंनी जेथून सुरुवात केली तेथूनच आपणही करू, म्हणजे महिन्याच्या आत ते पूर्ण होईल. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत. तीन महिन्यांत येशूचे सारे चरित्र घरात वाचून होईल. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी शाळेत जाणाऱ्या नातवाने मोठ्याने वाचावे. मुलाचे वाचन सुधारेल आणि आजीला देवाचा शब्द मिळेल. मोबाईलवर वाचले तरी चालेल. मात्र तेवढा वेळ बाकीचे संदेश बंद ठेवावेत. वेळ एकच ठरवावी, संध्याकाळच्या रोझरीनंतरची किंवा सकाळी चूल पेटवण्याआधीची. वाचून झाल्यावर दोन मिनिटे गप्प बसावे आणि विचारावे, की आज प्रभूने मला काय सांगितले. काही समजले नाही, तर ती ओळ लक्षात ठेवून रविवारी आम्हाला विचारावी. आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही, तर आपण मिळून शोधू.

दुष्काळ, वैधव्य, लेकीचा मृत्यू, बहिरेपण आणि शेकडो अनाथांचा संसार, यांपैकी कशाचीही सबब रमाबाईंनी सांगितली नाही. आपल्या घरातील कापडात गुंडाळलेले बायबल आज संध्याकाळी सोडावे, अशी आमची तुम्हा सर्वांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी घर आशीर्वादित करायला येऊ, तेव्हा त्याची पाने थोडी मळलेली, कोपरे दुमडलेली दिसली, तर आम्हाला फार आनंद होईल.

प्रभू आपल्या शब्दाने तुम्हा सर्वांना बळ देवो.

तुमचे धर्मगुरू, उंद्री