परत आलेल्या दुधाचा डॉक्टर

मलई काढून उरलेल्या दुधाचं काय करायचं? १८८०च्या दशकात डेन्मार्कच्या शेतकऱ्यांकडे याचं झकास उत्तर होतं. १८८२मध्ये तिथे पहिली सहकारी डेअरी निघाली आणि बघता बघता गावोगावी डेअऱ्या उभ्या राहिल्या. शेतकरी दूध घालायचे, डेअरी मलई काढून लोणी करायची आणि उरलेलं दूध, ताक शेतकऱ्यांना परत द्यायची. ते जायचं वासरांच्या आणि डुकरांच्या पोटात. वाया काहीच नाही!

पण मेख इथेच होती. डेअरीत सगळ्या गावाचं दूध एकत्र व्हायचं. एखाद्याच्या गायीला क्षय असेल, तर तिच्या दुधातले जंतू परतीच्या कॅनमधून गावभरच्या गोठ्यांत पोचायचे. म्हणजे तुमच्या गायी ठणठणीत असल्या, तरी तुमचं वासरू आजारी पडू शकायचं.

हा धागा पकडणाऱ्यांत आघाडीवर होते बर्नहार्ड बँग. जन्म १८४८चा. आधी माणसांची डॉक्टरकी शिकले, मग जनावरांची, आणि पुढे कोपनहेगनच्या पशुवैद्यक कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांच्या लक्षात आलं, की आजारी गायीचं वासरू बहुतेक वेळा निरोगी जन्मतं. रोग त्याला नंतर लागतो, बऱ्याचदा दुधातून. मग सगळा कळप मारायचा कशाला? बँग यांनी ट्युबरक्युलिनची टेस्ट करून आजारी गायी वेगळ्या बांधायला लावल्या. वासरू जन्मल्या जन्मल्या बाजूला घ्यायचं आणि त्याला तापवलेलं दूध पाजायचं. शेतकऱ्याचा कळपही वाचला आणि धंदाही.

राहिला डेअरीचा प्रश्न. १८९८मध्ये डेन्मार्कने कायदाच केला: उरलेलं दूध आणि ताक ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय शेतकऱ्याला परत द्यायचं नाही. चारा तोच राहिला, फक्त आधी आच लागली.

त्याआधीच्या वर्षी बँग यांनी गायींच्या गर्भपाताला कारणीभूत असलेला जंतू शोधला होता. त्या रोगाला आपण ब्रुसेलोसिस म्हणतो. व्हेटर्नरीला असलेल्या मित्राला विचारा, ‘बँग्ज डिसीज’ हे नाव त्याला नक्की माहीत असेल. १९३२मध्ये बँग गेले.

आजही पनीरची निवळी, ताक जनावरांना पाजलं जातं, आणि ते चांगलंच आहे. तुमच्या घरी गोठा असेल, तर बादली पुढे सरकवण्याआधी एवढंच विचारा: हे तापवलंय ना?