चिखलातून ट्रॅकवर: प्रीची गोष्ट

जुलै २०२२. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातलं युजीन शहर. नीरज चोप्रानं ८८.१३ मीटर भाला फेकला आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सिल्व्हर मेडल भारतात आलं. आपला बीडचा अविनाश साबळे त्याच स्टेडियममध्ये स्टीपलचेसची फायनल धावला, अकरावा आला. त्या स्टेडियमचं नाव हेवर्ड फील्ड. आता ते नव्यानं बांधलंय. पण तिथल्या कुठल्याही रनरला विचारा की हे मैदान कोणाचं, तर तो एकच नाव सांगेल. प्री.

पूर्ण नाव स्टीव्ह प्रिफॉन्टेन. ऑलिम्पिकमध्ये त्याला एकही मेडल मिळालं नाही आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. तरी त्याच्या नावानं दरवर्षी युजीनमध्ये मोठी स्पर्धा होते. का, ते सांगते.

जन्म २५ जानेवारी १९५१चा, कूस बे नावाच्या बंदराच्या गावात. लाकूडतोडे आणि कामगारांची वस्ती. वडील सुतारकाम, वेल्डिंग करायचे, आई जर्मन, शिवणकाम करणारी. शाळेत प्रीला फुटबॉल खेळायचं होतं, पण अंगानं लहान म्हणून तो बेंचवरच. प्रॅक्टिस चालू असताना मैदानाजवळून क्रॉस कंट्रीची पोरं पळत जायची. हाही त्यांच्यात घुसला. लगेच चमकला असं समजू नका. दहावीत असताना दोन मैलांच्या शर्यतीत तो राज्य स्पर्धेसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. पुढची दोन वर्षं मात्र त्याला कुणी हरवू शकलं नाही. १९६९मध्ये त्यानं दोन मैलांचा शालेय राष्ट्रीय विक्रम केला, ८ मिनिटं ४१.५ सेकंद.

त्याच वर्षी तो युजीनच्या ओरेगन विद्यापीठात आला. कोच होते बिल बोवरमन, ज्यांनी फिल नाइटबरोबर नाइकी उभी केली तेच. त्यांचे असिस्टंट बिल डेलिंजर. डेलिंजर स्वतः १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमधले पाच हजार मीटरचे ब्राँझ विजेते.

दोन सीझन, दोन खेळ

अमेरिकन कॉलेजात लांब पल्ल्याच्या रनरचं वर्ष दोन भागांत असतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस कंट्री. तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत सहा मैल धावायचे. चढउतार, गवत, चिखल. घड्याळाला फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येक कोर्स वेगळा. टीमच्या पहिल्या पाच जणांचे नंबर मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. म्हणजे तुम्ही दमून मागे पडलात तर भुर्दंड पाच जणांना.

मग मार्चपासून ट्रॅक. सपाट, गोल, तीच वळणं पुन्हा पुन्हा. इथे प्रत्येक लॅपला वेळ मोजली जाते आणि स्टँडमधून सगळं दिसतं. शिवाय डोकं लागतं. पुष्कळ जण पुढच्याच्या मागे लपून धावतात, वारा त्याला खायला लावतात आणि शेवटच्या लॅपला झटका देतात.

प्रीला हे जमायचं नाही. खरं तर पटायचंच नाही. चिखलात तो पहिल्यापासून पुढे पळायचा, तेच त्यानं ट्रॅकवर आणलं. पहिल्या वर्षी राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत तो तिसरा आला. पुढच्या जूनमध्ये राष्ट्रीय ट्रॅक स्पर्धेच्या तोंडावर त्याचा पाय कापला, टाके पडले. तसल्या पायानं तो तीन मैल धावला आणि जिंकला. पुढे १९७०, ७१ आणि ७३ची क्रॉस कंट्री विजेतेपदं त्याची. ट्रॅकवर तीन मैल किंवा पाच हजार मीटरचं विजेतेपद सलग चार वर्षं त्याचंच.

हेवर्ड फील्डवर तो ३८ शर्यती धावला, ३५ जिंकला. लोक त्याच्या नावाचा गजर करायचे. १९७२ला ऑलिम्पिक निवडीसाठी त्याला थांबवा अशा अर्थाचे टी-शर्ट निघाले होते. शर्यत जिंकल्यावर तोच टी-शर्ट घालून त्यानं मैदानाला फेरी मारली! वेळ होती १३ मिनिटं २२.८ सेकंद, अमेरिकन विक्रम. अंदाज यावा म्हणून सांगते, साबळेनं २०२२मध्ये पाच हजार मीटरचा भारतीय विक्रम केला तो १३ मिनिटं २५.६५ सेकंदांचा. मध्ये ५० वर्षं!

म्युनिक

मग म्युनिक ऑलिम्पिक. आईचा देश. प्री २१ वर्षांचा, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाचा. अतिरेकी हल्ल्यात अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले होते, फायनल एक दिवस पुढे ढकलली होती. शर्यत सुरू झाली आणि सुरुवातीचे तीन किलोमीटर सगळे रेंगाळले. चार लॅप उरल्यावर प्रीनं पुढे मुसंडी मारली. शेवटच्या लॅपमध्ये फिनलंडचा लासे व्हिरेन आणि ट्युनिशियाचा मोहम्मद गमूदी त्याच्या पुढे गेले. तो थांबला नाही, पुन्हा पुन्हा त्यांना गाठायला गेला. अगदी शेवटच्या काही मीटरवर पाय संपले आणि ब्रिटनचा इयान स्टुअर्ट बाजूनं निघून गेला. प्री चौथा.

तो मागे राहून ब्राँझसाठी धावला असता तर मेडल मिळालं असतं, असं आजही म्हटलं जातं. मिळालंही असतं. पण त्यासाठी तो धावलाच नव्हता.

घरी आल्यावर कित्येक दिवस तो खचलेला होता. मग त्यानं काय केलं? परत ट्रेनिंग, परत कॉलेज टीम. १९७३च्या नोव्हेंबरात ऑलिम्पिकपटू प्री स्पोकेनच्या गोल्फ कोर्सवर कॉलेजची शेवटची क्रॉस कंट्री धावायला उभा राहिला. इंग्लंडहून शिकायला आलेला निक रोझ मोठी आघाडी घेऊन पुढे निघून गेला होता. प्रीनं ती आघाडी एकेक पाऊल कमी करत त्याला गाठलं आणि जिंकला. टीमही जिंकली.

कॉलेज संपल्यावर पैशांची चणचण होती. तेव्हाच्या हौशी खेळाडूंच्या नियमांमुळे शर्यतीचे पैसे घेतले की ऑलिम्पिक बंद. तो ट्रेलरमध्ये राहायचा, बारमध्ये काम करायचा आणि खेळाडूंवर हुकूम चालवणाऱ्या संघटनेशी उघड भांडायचा. १९७५मध्ये त्यानं स्वतःच खटपट करून फिनलंडच्या खेळाडूंना ओरेगनमध्ये बोलावलं. २९ मेला हेवर्ड फील्डवर त्या दौऱ्याची शेवटची स्पर्धा झाली. पाच हजार मीटर तोच जिंकला.

त्या रात्री पार्टीनंतर एका मित्राला सोडून परतताना त्याची कार उलटली. पोलिसांच्या नोंदीत रक्तातलं मद्याचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं, त्यावर वाद आजही आहे. तो गेला तेव्हा २,००० ते १०,००० मीटरपर्यंतचे सगळे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते. तीन वर्षांनी, १९७८मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि त्या संघटनेची सत्ता गेली. प्रीला ते बघायला मिळालं नाही.

तुमच्यापैकी कुणी सध्या कॉलेजच्या टीममध्ये क्रॉस कंट्री संपवून ट्रॅकवर येत असेल. पहिले काही दिवस पाय जड वाटतील, वेळ मनासारखी येणार नाही. तेव्हा म्युनिकनंतर परत गोल्फ कोर्सवर उभा राहिलेला हा मुलगा आठवा आणि पुढचा लॅप सुरू करा.