गिरींद्रशेखर बोस : परस्परविरुद्ध इच्छांचा वैद्य

भारतीय भाषांतील आधुनिक साहित्यावर मनोविश्लेषणाचा प्रभाव पडला, असे आपण नेहमी म्हणतो. आणि हा प्रभाव व्हिएन्नाहून इंग्रजी ग्रंथांच्या वाटेने आयता आला, असेही त्याबरोबर गृहीत धरतो. कलकत्त्याचे मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांचे चरित्र पाहिले म्हणजे हे गृहीत तपासून घ्यावेसे वाटते. फ्रॉइडचे भारतातील पहिले अनुयायी एवढीच त्यांची ओळख बहुधा करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे.

गिरींद्रशेखरांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी दरभंगा येथे झाला. वडील चंद्रशेखर दरभंगा संस्थानाच्या सेवेत होते. नऊ भावंडांत गिरींद्रशेखर सर्वांत धाकटे. ‘परशुराम’ या टोपणनावाने बंगाली विनोदी कथेला नवे वळण देणारे आणि ‘चलंतिका’ हा शब्दकोश सिद्ध करणारे राजशेखर बोस हे त्यांचे थोरले बंधू होत. एका भावाने शब्दांचे अर्थ लावावेत आणि दुसऱ्याने स्वप्नांचे, असा हा योग होता.

प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकून गिरींद्रशेखरांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. जादूचे प्रयोग आणि संमोहनविद्या यांचा त्यांना विद्यार्थिदशेपासूनच नाद होता. वैद्यकीय व्यवसायात मानसिक व्यथांनी पीडित असे रुग्ण येऊ लागले तेव्हा त्यांनी प्रथम संमोहनाचा आधार घेतला, परंतु त्यावर विसंबून न राहता रुग्णाला बोलते करण्याची स्वतःची रीत ते हळूहळू बसवीत गेले. फ्रॉइडचे ग्रंथ त्या काळी इंग्रजीत फारसे उपलब्ध नव्हते. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाल्यावर, व्यवसाय सांभाळून त्यांनी १९१७ मध्ये त्या विषयाची एम. एस्सी. पदवी मिळविली, आणि १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधाबद्दल त्यांना डी. एस्सी. मिळाली. हा प्रबंध त्यांनी फ्रॉइडकडे पाठविला. तेव्हापासून १९३७ पर्यंत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

२२ जानेवारी १९२२ रोजी १४, पारसीबागान लेन येथील त्यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न झाली. विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण दुसऱ्या विश्लेषकाकडून करून घ्यावे, हा संकेत युरोपात रूढ होत होता. कलकत्त्यात असा दुसरा विश्लेषकच नव्हता. गिरींद्रशेखरांना स्वतःचाच अभ्यास करणे भाग होते. याच सुमारास त्यांचे चित्रकार मित्र जतींद्रकुमार सेन यांनी, फ्रॉइडला न पाहता, केवळ कल्पनेने त्याचे व्यक्तिचित्र रेखाटले व ते व्हिएन्नाला धाडण्यात आले. आपला चेहरा इंग्रजासारखा झाला आहे, असा शेरा फ्रॉइडने एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात मारला. ज्ञान ज्या भाषेतून पोहोचते त्या भाषेचा मुखवटा ज्ञात्यालाही चढतो, हे तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

गिरींद्रशेखरांची खरी देणगी त्यांच्या उपचारपद्धतीत आहे. त्यांच्या मते मनातील प्रत्येक इच्छेला तिची विरुद्ध इच्छा जोडलेलीच असते. मारण्याच्या इच्छेमागे मार खाण्याची इच्छा, प्रेम करण्याच्या इच्छेमागे प्रेमविषय होण्याची इच्छा लपलेली असते. या जोडीपैकी एक दडपली गेली की मन आजारी पडते. म्हणून मुक्त साहचर्याने दडलेली इच्छा उघड झाल्यावर ते तेवढ्यावर थांबत नसत. वडिलांविषयी मनात द्वेष बाळगणाऱ्या मुलाने, आपणच वडील आहोत आणि मुलगा आपल्यावर हात उगारतो आहे, अशी कल्पना करावयाची. मग पुन्हा आपल्या जागी यावयाचे. लहान मुलांच्या सी-सॉच्या फळीप्रमाणे मन या टोकाकडून त्या टोकाकडे झुलत राही आणि अखेर दोन्ही इच्छा सारख्याच स्पष्टपणे जाणिवेत येत. सहानुभूती आणि सदसद्विवेक यांचा उगमही ते याच अदलाबदलीत पाहत. दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची ही शक्ती कथाकाराचे भांडवल मानली जाते. गिरींद्रशेखरांनी ती रुग्णाच्या हाती दिली.

ईडिपस गंडाबाबतही त्यांचे निरीक्षण वेगळे होते. स्त्री होण्याची सुप्त इच्छा आपल्या भारतीय पुरुष रुग्णांत अधिक उघडपणे दिसते आणि पित्याच्या धाकाला शरण गेल्याने हा गंड सुटत नाही, असे त्यांनी मांडले. फ्रॉइडला हे पटले नाही. तथापि विरुद्ध इच्छांकडे आपले पुरेसे लक्ष गेले नव्हते, एवढे त्याने मान्य केले. मतभेदाने स्नेहात अंतर पडले नाही. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट गेली आणि ती त्याच्या मेजावर विराजमान झाली.

व्हिएन्नाशी मतभेद व्यक्त करणारे गिरींद्रशेखर घरात मात्र मौन पाळताना दिसतात. संस्थेच्या आरंभीच्या पंधरा सभासदांत बर्कली-हिल आणि डेली हे दोन इंग्रज होते. पहिल्याने हिंदूंच्या धर्मस्वभावाची आणि दुसऱ्याने क्रांतिकारकांच्या बंडखोरीची जी मनोविश्लेषणात्मक मीमांसा केली, ती राज्यकर्त्यांच्या सोयीची होती. तिचा जाहीर प्रतिवाद गिरींद्रशेखरांनी केला नाही. त्यांचे उत्तर शोधावयाचे तर ते बंगाली लेखनातच शोधावे लागते : ‘स्वप्न’ हा ग्रंथ, भगवद्गीतेवरील विवेचन, ‘पुराणप्रवेश’, आणि मुंग्यांच्या युद्धाची ‘लाल कालो’ ही बालकथा. बंगालीत अबोधासाठी ‘निर्ज्ञान’ हा शब्द रुळला. मराठीने संतांच्या शब्दकळेतील ‘नेणीव’ हाताशी धरली. दोन्ही भाषांनी नव्या शास्त्राला आपल्या जुन्या तत्त्वचिंतनाच्या अंगणात जागा दिली, हे साम्य लक्षणीय आहे.

१९३३ मध्ये कारमायकेल मेडिकल कॉलेजात त्यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९४० मध्ये राजशेखरांनी दिलेल्या जागेत लुंबिनी पार्क हे रुग्णालय उभे राहिले. कवी काझी नझरुल इस्लाम यांना १९४२ मध्ये येथेच आणले होते, परंतु गुण आला नाही. त्यांचा विकार मेंदूचा असल्याचे निदान पुढे १९५३ मध्ये युरोपात झाले. बोलून सुटणाऱ्या व्यथांचे हे शास्त्र होते. ज्याची वाणीच गेली त्याच्यापुढे ते थिटे पडले.

१९४७ मध्ये संस्थेचे ‘समीक्षा’ हे नियतकालिक सुरू झाले. ३ जून १९५३ रोजी गिरींद्रशेखरांचे निधन झाले. त्यांच्या सिद्धांताला पुढे जगात फारसे अनुयायी लाभले नाहीत. परंतु घेणारा हा देणाराही असू शकतो, हे त्यांनी शास्त्रात सांगितले आणि फ्रॉइडशी वागताना पाळलेही. प्रभाव या शब्दाचा एकेरी अर्थ घेणाऱ्या आपल्या साहित्याभ्यासाने त्यांच्याकडून निदान एवढे तरी शिकावे.