बालकांच्या हातांचा मान राखणाऱ्या ताराबाई मोडक

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची व मिशनरी धर्मगुरूंची चरित्रे यावीत हे उचितच आहे. परंतु येथे आम्ही वाचकांपुढे जे चरित्र ठेवीत आहो, ते आपल्या धर्ममंडळाबाहेरील एका महाराष्ट्रीय विदुषीचे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलास अक्षरे गिरवावयास बसवावे, की त्यास मातीत, पाण्यात व बियांत हात घालू द्यावे, हा प्रश्न आपल्या मांजरीतील पुष्कळ मातापित्यांच्या मनात आहे. त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी ताराबाई मोडक यांनी आपल्या आयुष्याची पन्नास वर्षे वेचली.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे अनुयायी असल्यामुळे मुलींच्या शिक्षणास घरात अडसर नव्हता. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. पुढे त्या राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते, वेतनही चांगले होते. तरीही 1923 साली ते सर्व सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, आणि मोठ्यांस शिकविणारी ही पंडिता लहान मुलांच्या मांडीला मांडी लावून बसली.

गिजुभाईंनी जी पद्धती स्वीकारली होती, ती डॉ. मारिया मॉन्टेसरी ह्या कॅथलिक इटालियन बाईंची. 6 जानेवारी 1907 रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणादिवशी, रोम शहरातील सॅन लोरेन्झो ह्या मजुरांच्या वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. बालकाची बुद्धी त्याच्या हातांतून, डोळ्यांतून व कानांतून जागी होते, हे त्यांचे मुख्य सूत्र. दहा ठोकळ्यांचा मनोरा घ्या. सर्वांत मोठ्या ठोकळ्याची बाजू 10 सेंटिमीटर, सर्वांत लहानाची 1 सेंटिमीटर. मूल ते एकावर एक रचते, चुकले की मनोरा बेढब दिसतो, आणि कोणी न रागावता ते स्वतःच पुन्हा रचू लागते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत ते अक्षराचे वळण आधी स्पर्शाने ओळखते. लेखणी मागाहून येते.

1926 साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 1936 साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. मुंबईच्या सुशिक्षित घरांतील मुले तेथे आनंदाने शिकू लागली. दुसरी एखादी व्यक्ती येथेच कृतार्थ झाली असती. परंतु जी पद्धती मजुरांच्या लेकरांसाठी जन्मास आली, ती साहित्याच्या किमतीमुळे खेड्यापाड्यांतील गरिबांस दुर्लभ होऊन बसली होती. ही विसंगती ताराबाईंस स्वस्थ बसू देईना.

म्हणून 1945 च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी ह्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्या सोबतीस होत्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म 1910 साली आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालवयात त्यांचा विवाह झाला, थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. त्यानंतर शिक्षण घेऊन त्या पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवीत होत्या. पुढील सारे आयुष्य त्यांनी ह्याच कार्यास वाहिले.

बोर्डीस महागडे लाकडी साहित्य नव्हते. परंतु सृष्टीचे भांडार उघडे होते. शंखशिंपल्यांची लहानमोठी रांग लावता येते, बिया व खडे मोजता येतात, पानांचे रंग व आकार जुळविता येतात, मातीस हवे ते रूप देता येते. गरीब वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी मुलांस दोष दिला नाही. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ह्यातूनच अंगणवाडी ही कल्पना व हे नाव पुढे आले. 1957 साली हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर वारली बांधवांमध्ये गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरू लागली.

1962 साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण देऊन गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1975 साली, सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. तो शब्द उच्चारणाऱ्या किती जणांस त्याचे मूळ बोर्डीच्या अंगणात आहे हे ठाऊक असेल?

आता आपल्या गावाकडे वळू. मांजरी बुद्रुक 2021 साली पुणे महानगरपालिकेत आले. उसाच्या शेतांशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या बांधणाऱ्या मजुरांची लेकरे वाळूच्या ढिगाशी खेळत असतात. एकीकडे आपण आपल्या मुलांचे हात माती लागू नये म्हणून जपतो, दुसरीकडे त्या मुलांच्या खेळास कोणी शिक्षण म्हणत नाही. ताराबाईंच्या दृष्टीने पाहता दोन्हीकडे बालकाचेच नुकसान आहे. आपल्या मुलास हात मळविण्याची मोकळीक हवी. त्या मुलास जवळ बसून बोलणारे, मोजावयास व ओळखावयास शिकविणारे एक प्रेमळ माणूस हवे.

शिष्यांनी अडविलेल्या बालकांस प्रभू येशूने जवळ घेतले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ताराबाई आपल्या वेदीपुढे कधी गुडघे टेकावयास आल्या नाहीत. परंतु अडविलेल्या बालकांकडे त्या स्वतः चालत गेल्या. ज्युबिलीच्या ह्या आनंदात आपल्या धर्मग्रामातील एखाद्या अंगणात एक चटई, टोपलीभर चिंचोके व शिंपले, आणि दररोज एक तास देणारी एखादी ताई किंवा मावशी एवढे जरी लाभले, तरी ह्या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.